स्टीमपंकची यादी आणि आजोबांची पेटी

पेट झाली, नेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. हातात काय आहे? बहुतेकांच्या हातात एक यादी असते. आवडलेली पुस्तकं, आवडलेले सिनेमे, आवडलेली गाणी. यादीवर आपला जीव असतो, आणि ‘मला यावरच काम करायचंय’ म्हणत आपण ती गाईडसमोर ठेवतो. मीही तशी एक यादी ठेवली होती. तिच्यापायी माझ्या प्रबंधाची अकरा पानं बाद झाली. आज तीच यादी तुमच्यासमोर मांडते आणि तिची समीक्षा करते. यात गाण्यांची समीक्षा आहे, तशीच यादी करण्याच्या आपल्या सवयीचीही आहे.

आधी यादी आली कुठून ते सांगते. आम्ही सहा जण आहोत. दोघं ठाण्याचे, एक कल्याणची, बाकी डोंबिवलीचे. महिन्यातल्या एका रविवारी डोंबिवली पूर्वेला एकाच्या घरी जमतो. नियम साधा: प्रत्येकाने एक जुनं आवडतं गाणं आणायचं आणि एक त्या महिन्यात नव्याने सापडलेलं. चहा-फरसाण घरमालकाकडून. विषय एकच, स्टीमपंक.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा विजेचं आणि पेट्रोलचं युग आलंच नाही, जग वाफेच्या इंजिनावरच पुढे गेलं, तर ते कसं दिसेल? पितळी दातेरी चाकं, दट्ट्ये, दाबमापक, आकाशात तरंगणारी जहाजं. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या कादंबऱ्यांतून रस ओढणारी ही कल्पना आहे. शब्द मात्र बराच नंतरचा. १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या पत्रात, सायबरपंकच्या चालीवर, तो अर्धवट गमतीने सुचवला. १९९० मध्ये विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची ‘द डिफरन्स इंजिन’ आली, शब्द रुळत गेला, आणि पुस्तकांतून तो कपड्यांत, दागिन्यांत आणि संगीतात शिरला.

ठाणे-कल्याणच्या माणसांना हे वेड का लागावं, असं विचाराल तर त्यात फार नवल नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून वाफेवर निघालेली गाडी ठाण्यालाच आली, आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. आपली शहरं आज जशी आहेत तशी या रुळांमुळे आहेत. वाफेचं इंजिन आपल्याकडे कल्पनेत नंतर आलं, दारात आधी आलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चार नावं, चार आवाज

आमच्या यादीत वारंवार येणारी चार नावं घेते. जमलं तर ऐकत ऐकत वाचा.

पहिलं, ॲबनी पार्क. सिॲटलचा हा बँड १९९७ मध्ये सुरू झाला तेव्हा गॉथ आणि इंडस्ट्रियल वळणाचं वाजवायचा. पुढे त्यांनी स्वतःची एक गोष्ट रचली: आपण उडत्या जहाजावरचे चाचे आहोत. २००८ च्या ‘लॉस्ट होरायझन्स’ या अल्बममध्ये ही गोष्ट पूर्ण वेशात भेटते. ऐकायला मजा येते, व्हायोलिन छान वापरलंय. पण डोळे मिटून ऐका. खालचा ठेका सरळसरळ डान्स संगीताचा आहे आणि सिंथेसायझर भरपूर आहे. वाफेच्या युगाशी नातं आहे ते शब्दांतून आणि कपड्यांतून.

दुसरं, सॅन डिएगोचं स्टीम पावर्ड जिराफ. २००८ मध्ये यांनी बाल्बोआ पार्कमध्ये यंत्रमानव बनून मूकाभिनय करत सुरुवात केली. त्यांची गोष्ट अशी की हे यंत्रमानव १८९६ साली तयार झालेले आहेत. चौघांत मला हे जास्त आवडतात, कारण ते खरंच चांगले गातात. त्यांचा स्वरमेळ ऐकताना आधी गळे ऐकू येतात, वेश नंतर आठवतो. शिवाय यंत्रासारखे झटके, अडकून पडणं, पुन्हा चालू होणं हे सगळं ते गाण्याच्या लयीत बसवतात. नुसती ऑडिओ फाइल ऐकलीत तर यातलं अर्धं हाती लागणार नाही.

तिसरं, लंडनचं ‘द मेन दॅट विल नॉट बी ब्लेम्ड फॉर नथिंग’. हे लांबलचक नाव १८८८ च्या व्हाइटचॅपेलमधल्या खुनांच्या वेळी भिंतीवर खडूने लिहिलेल्या एका वाक्यावरून घेतलंय. वाजवतात ते रांगडं पंक. विषय व्हिक्टोरियन लंडनचे, आणि नजर हवेलीपेक्षा गटाराकडे जास्त. २०१० मध्ये त्यांनी एक गाणं चक्क मेणाच्या सिलिंडरवर काढलं, म्हणजे एडिसनच्या काळातल्या माध्यमावर. ते वाजवायचं यंत्र आज किती घरांत असेल? विनोदच आहे, पण त्यात एक खरा प्रश्नही आहे: गाणं विकत घेतलं आणि ऐकताच येत नसेल, तर आपण नक्की काय घेतलं? स्टीमपंकमधल्या ‘पंक’ या शब्दाला सगळ्यात जास्त हीच मंडळी जागतात असं माझं मत आहे.

चौथा, ब्राइटनचा प्रोफेसर एलेमेंटल. साहेबी थाटात रॅप करतो. या प्रकाराला चॅप-हॉप म्हणतात. ‘कप ऑफ ब्राऊन जॉय’ हे त्याचं चहावरचं गाणं आमच्याकडे लागलं तेव्हा सगळे खो खो हसले. हसणं थांबल्यावर कल्याणची मैत्रीण म्हणाली, “चहाचं एवढं कौतुक चाललंय, पण मळ्यात पानं खुडणारी बाई कुठेय या गाण्यात?” कुणी उत्तर दिलं नाही. हा आक्षेप स्टीमपंकच्या आतूनही घेतला गेलाय. डायना फो यांनी ‘बियाँड व्हिक्टोरियाना’ या नावाने केलेलं लेखन हेच विचारतं की साम्राज्याची टोपी घालायची आणि साम्राज्य विसरायचं, हे जमतं का? गाणं विनोदी आहे म्हणून त्याला सूट द्यावी असं मला वाटत नाही. पण त्यावर बंदी घालावी असंही नाही. ऐकावं, आणि मैत्रिणीचा प्रश्न सोबत ठेवावा.

आता चारही एकत्र ठेवा. डान्स ठेका, स्वरमेळ, पंक, रॅप. कानाला यांच्यात समान काय लागतं? जवळजवळ काहीच नाही. मग हा एक संगीतप्रकार कसा?

इथे तुम्हाला फ्रांको फाब्री या इटालियन अभ्यासकाचा उपयोग होईल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मांडलं की संगीतप्रकार म्हणजे एखाद्या समूहाने मान्य केलेल्या नियमांचा संच, आणि त्यातले फक्त काही नियम आवाजाबद्दल असतात. बाकीचे कसं दिसायचं, कसं वागायचं, गाणं कुठे आणि कसं विकायचं याबद्दल असतात. आपल्याकडे डॉ. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मांडल्या. त्यांच्याकडेही नुसत्या स्वरलिपीवरून कोटी ठरत नाही. ते गाणं कोण, कुणासाठी आणि कशासाठी गातं हेही बघावं लागतं.

म्हणजे आमची यादी संगीताबद्दल फार थोडं सांगत होती. ती सांगत होती आम्हा सहा जणांबद्दल: कुठली भाषा कळते, कुठलं ॲप वापरतो, काय ‘भारी’ वाटतं. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर यादी हा डेटा आहे खरा, पण ऐकणाऱ्यांचा. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही, आणि पुढची चूक झाली.

खरखर म्हणजे भूतकाळ नव्हे

एका रविवारी ठाण्याच्या मित्राने ‘नवा शोध’ म्हणून गौहर जान आणली. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला होता, त्याने केलेली ही ध्वनिमुद्रणं. शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. का सांगते? कारण इथे कोरलेलं मेण जर्मनीत हॅनोव्हरला जाणार होतं, आणि तिथे तबकड्या छापणाऱ्यांना गाणं कुणाचं हे कळायला हवं होतं. आपल्याला आज ती ऐट वाटते. होती ती कारखान्यासाठीची खूण. ऐट नसेलच असं नाही, पण खूण आधी.

गाणं संपलं आणि मित्र म्हणाला, “हेच खरं स्टीमपंक. बाकीचे सगळे वेश करून बसलेत.” मला ते इतकं पटलं की मी घरी जाऊन प्रबंधाच्या वहीत लिहून ठेवलं. आज त्या वाक्याची चिरफाड करते.

पहिली गोष्ट, ती खरखर. आपण तिला ‘जुन्या काळाचा आवाज’ समजतो. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असत, पण लाखेत दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळलेले असत. त्या पुडीमुळे तबकडी टणक व्हायची आणि पोलादी सुई घासून खाचेच्या आकाराची व्हायची. खरखरीचा बराचसा भाग त्या पुडीचा आणि नंतरच्या झिजेचा आहे. समोर बसून गौहर जान ऐकणाऱ्याला ती ऐकू येत नव्हती. आपण ऐकतो तो काळ नाही, त्या वस्तूचं झालेलं वय आहे.

दुसरी गोष्ट, वाफ नेमकी कुठे होती? ध्वनिमुद्रणात नव्हती. भोंग्यासमोर गायचं, पडदा थरथरायचा, सुई मेणात कोरायची. फिरवणारं यंत्र वजनावर किंवा कमानीवर चालायचं. घरचा ग्रामोफोन चावीवर. वाफ होती ती गाणं संपल्यावर. कोरलेलं मेण नेणाऱ्या आणि तयार तबकड्या आणणाऱ्या जहाजांत होती, आगगाडीत होती, आणि कारखान्यात लाख मऊ करणारे छाप वाफेने तापवत त्यात होती. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा छपाई इथे सुरू झाली. लाख तर आधीपासून इथलीच, झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी, जंगलातल्या लोकांनी गोळा केलेली. म्हणजे वाफेचं युग शोधायचं असेल तर ते त्या तीन मिनिटांच्या आवाजात कमी आणि त्या आवाजाच्या वाहतुकीत, कच्च्या मालात, मजुरीत जास्त सापडतं. आमच्या यादीला यातलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

गंमत बघा, दोन्ही युगं जवळजवळ एकदमच मावळायला लागली. मायक्रोफोन वापरून विजेवर ध्वनिमुद्रण करायची पद्धत १९२५ मध्ये बाजारात आली, आणि त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईत पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली.

माझी अकरा पानं

आता चूक. माझा विषय आहे विजेपूर्व काळातलं, म्हणजे भोंग्यासमोरचं मराठी गाणं. एक प्रकरण मी असं बांधलं होतं: भोंग्यात आवाज पोचावा म्हणून गाणारे पट्टी चढवत होते. जालावर मिळालेल्या चौदा ध्वनिमुद्रणांचा षड्ज मी मोजला. बरेचसे काळी चारच्या आसपास निघाले. तक्ता केला, आलेख केला. दिसायला देखणं होतं. तीन आठवड्यांनी विभागात सादरीकरण होतं.

त्याआधीच्या रविवारी डोंबिवलीच्या मित्राने, अगदी योगायोगाने, माझ्या चौदापैकी एक गाणं ‘नवा शोध’ म्हणून आणलं. रेकॉर्डचा क्रमांक तोच, बाजू तीच. पण त्याची डिजिटल प्रत दुसऱ्या कुणीतरी केलेली. माझ्या फाइलची लांबी तीन मिनिटं दहा सेकंद. त्याच्या फाइलची तीन मिनिटं वीस.

दहा सेकंद कुठून आली? त्याच्याकडे आजोबांची पेटी आहे. त्याने ती खाली काढली, धूळ पुसली, आणि आम्ही दोन्ही प्रतींचा षड्ज पेटीवर लावून बघितला. माझी काळी चार. त्याची पांढरी पाच. एकच गाणं, एकच गळा, दोन पट्ट्या.

कारण साधं आहे आणि रेकॉर्ड गोळा करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. आपण ‘७८ ची रेकॉर्ड’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या नव्हत्या. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत वेग सापडतात. ७४ ने कोरलेली तबकडी ७८ ने वाजवली की वेग साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढतो. पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर असतं सुमारे सहा टक्के. म्हणजे गाणारा पांढरी पाचात गायला असेल तरी आपल्याला जवळजवळ काळी चार ऐकू येते. लयही तेवढीच जलद होते आणि गाणं दहा सेकंद लवकर संपतं. मी मोजत होते ते गाणाऱ्याची पट्टी नव्हे, प्रत करणाऱ्याने लावलेला वेग.

गाईड मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मग कुठली प्रत बरोबर?” आणि मला उत्तर देता आलं नाही. माझी चूक असेल तर त्याचीही असू शकते. साथीला पेटी असेल तर थोडा आधार मिळतो, कारण पेटीचे स्वर ठरलेले असतात. षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकत असेल तर वेगाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण त्या काळातल्या सगळ्या पेट्या आजच्या मापाने लावलेल्या नव्हत्या, आणि चूक बरोबर एका पट्टीची असेल तर पेटीही काही सांगू शकत नाही. दोनापैकी एकही प्रत मला पुरावा म्हणून वापरता येईना. अकरा पानं गेली.

जोपर्यंत वेग ठरत नाही तोपर्यंत काय टिकतं, याची मी मग वेगळी यादी केली. शब्द टिकतात. स्वरांची आपसातली अंतरं टिकतात. कुठली ओळ किती वेळा घेतली, तान कुठे आली, तीन मिनिटांत बंदिशीचं काय ठेवलं आणि काय गाळलं, हे सगळं टिकतं, कारण वेग बदलला तरी या गोष्टींचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही. नवीन प्रकरण मी यावर उभं केलं. पहिल्याइतकं देखणं नाही, पण कुणी दुसरी प्रत आणली तर कोसळणार नाही.

यादीत कोण नाही

पेटी खाली काढली त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. दीड वर्षं आम्ही यंत्रयुगाचं संगीत शोधत होतो. सिॲटल झालं, सॅन डिएगो झालं, लंडन झालं. आणि त्या खोलीत, कपाटावर, एक यंत्र बसलं होतं ज्यात पितळी जिभा आहेत, कातड्याचा भाता आहे, आणि जे हवेच्या दाबावर गातं. आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचं पेटंट घेतलं. जहाजातून ती इथे आली. आपल्या कारागिरांनी तिचे पाय काढले, भाता मागे हाताला दिला, आणि ती जमिनीवर बसणाऱ्या गायकाची साथीदार झाली. संगीत नाटकांत पायांनी भाता मारायचा ऑर्गनही आला. गोविंदराव टेंबे पेटी वाजवता वाजवता ‘मानापमान’ला चाली देते झाले, हे १९११ साल. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप हाच की हे परकं, ठरीव स्वरांचं यंत्र आपल्या गाण्याला मानवणारं नाही. यंत्र आणि संगीत यांच्यातलं भांडण यापेक्षा खरं कुठे मिळणार?

सहांपैकी कुणीही पेटी यादीत घेतली नव्हती. ज्याच्या घरात ती होती त्यानेही नाही. का, तर ती भजनाची, शेजारच्या क्लासची, आजोबांची. ‘शोध’ हा शब्द आपण फक्त लांबून आलेल्या गोष्टीला लावतो.

इथे एक धोका आहे, तो सांगायला हवा. ‘म्हणजे पेटी हेच खरं स्टीमपंक’ असं मी म्हणाले, तर मी माझ्या ठाण्याच्या मित्राचीच चूक पुन्हा करेन. अस्सल कोण हे ठरवणं माझं काम नाही. पेटी यादीत का नव्हती, हे विचारणं माझं काम आहे.

तोच प्रश्न ध्वनिमुद्रणांनाही विचारा. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला चाली त्यांच्या. त्या काळाच्या मराठी गाण्यावर त्यांचा केवढा हात आहे हे तुम्हाला कुणीही सांगेल. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. अल्लादिया खाँसाहेबांचीही नाही. म्हणजे ‘जुन्या रेकॉर्ड्सवरून त्या काळाचा इतिहास’ लिहायला बसलात तर पहिल्याच पानावर दोन मोठी माणसं गायब. भास्करबुवा ऐकू येतात ते बालगंधर्वांच्या गळ्यातून, त्यांच्या शिष्यांतून. हे ऐकायला कान वेगळा लागतो, आणि तो कान कुठल्याही प्लेलिस्टमध्ये मिळत नाही.

आवडीच्या यादीला दुसरा पर्यायही आहे. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढत. त्याचे अंक जरूर चाळा. मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली, ती १९९४ मध्ये पुस्तकरूपात आली. हीसुद्धा वेडी माणसंच, ऐकण्यासाठी जमणारी, सापडलेलं एकमेकांना दाखवणारी. पण त्यांची यादी वेगळी असते. रेकॉर्डचा क्रमांक, मेणावर कोरलेला क्रमांक, कंपनी, ठिकाण, साल, गाणारा. आवडलं की नाही हा रकाना नसतो. म्हणून तिसरा माणूस ती तपासू शकतो. माझी यादी कुणाला तपासता आली असती?

सिनॉप्सिसच्या आधी

तुमची यादी फाडून टाका असं मी म्हणत नाही. मला विषय त्या रविवारांमुळेच मिळाला, आणि चूकही तिथेच पकडली गेली. सहा जण सहा वेगळ्या प्रती घेऊन जमले नसते तर मी ती अकरा पानं विभागात छातीठोकपणे मांडली असती. आवडीने ऐकणारे मित्र हा संशोधनाचा मोठा आधार आहे. त्यांना फक्त पुरावा समजू नका.

यादी गाईडसमोर ठेवायच्या आधी तीन प्रश्न तिला विचारा. ही यादी कुणी, कुठे बसून केली? यातली प्रत्येक गोष्ट माझ्यापर्यंत कुठल्या हातांतून आणि कुठल्या यंत्रातून आली? आणि माझ्या घरात, माझ्या गल्लीत असं काय आहे जे मी यात घ्यायचं सोडून दिलं? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो. लागू द्या. बहुधा तुमचा विषय तिथेच असतो.

पुढच्या रविवारी माझी पाळी आहे. आवडतं म्हणून मी स्टीम पावर्ड जिराफच नेणार आहे, त्यात बदल नाही. नवा शोध म्हणून गोविंदराव पटवर्धनांची पेटी नेतेय. लहानपणापासून घरात वाजत होती, मी आत्ता ऐकायला लागलेय. फाइलसोबत या वेळी एक चिठ्ठीही असेल: प्रत कुणी केली, कशावरून केली, किती वेगाने. जेवढं कळलंय तेवढं लिहिलंय, बाकीचे रकाने कोरे ठेवलेत.